माझ्यावर सून बसली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना पाटा. मसाला वाटायचा काळा दगड. माझ्यावर एकदा एक बाई मांडी घालून बसली होती आणि त्याचा मला अभिमान आहे. पाट्यावर बसलं की घरात दळिद्र येतं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे!

पाथरवटानं मला धुळ्याकडे घडवलं. लग्नानंतर उषाबाई मला आणि वरवंट्याला घेऊन सुरतला आल्या, उधन्याच्या एका खोलीत. तीस वर्षं मी हळद, धने, मिरी, लसूण अंगावर घेतले. "पाट्यावरचा मसाला खाणारं माणूस आजारी पडत नाही," असं त्या साऱ्या गल्लीला सांगायच्या. मीही फुगून जायचो. हळद गुणाची आहेच, मोठे डॉक्टरसुद्धा तिचा अभ्यास करतात म्हणे. पण गुणाची म्हणजे सगळ्या रोगांवरची नव्हे. हे मला दगडाला कळलं, माणसांना कळेना.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा गजेंद्र खोकायला लागला. लूमवरचा कामगार, त्यामुळे सगळे म्हणाले, धाग्याची धूळ गेली असेल. उषाबाई रोज ओली हळद नि मिरी वाटून गुळातून द्यायच्या. दोन महिन्यांत गडी वाळून काडी झाला. मग रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा सुनेनं, जयश्रीनं, दवाखान्याचं नाव काढलं. गजेंद्र म्हणाला, कामावर खाडा होईल, हळदीनंच उतरेल. उषाबाईंनी त्या दिवशी दुप्पट हळद वाटली. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. माझ्या भरवशावर हे पोर मरायला निघालं होतं.

दुसऱ्या सकाळी त्या हळद घेऊन आल्या, तर जयश्री माझ्यावर बसलेली.

"ऊठ वं, पाटावर कोनी बसस का? घरमा दळिद्र येस," उषाबाई ओरडल्या.

"येऊ द्या, आत्याबाई. त्या दवाखानामा जातीन, तवयच मी उठसू," ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

उषाबाईंनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या. कुणी तिचं माहेर काढलं, कुणी तिला सासूची वैरीण म्हटलं. पोरीचे डोळे भरून आले, पण ती तसूभर हलली नाही. दुपारपर्यंत घरात काही शिजलं नाही. शेवटी गजेंद्रनं चिडून चपला घातल्या.

क्षय निघाला. "आणखी उशीर केला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. "हळद जेवणात खुशाल खा, पण गोळी एकही चुकवायची नाही." सहा महिने गोळ्या चालल्या आणि गजेंद्र बरा झाला.

मग उषाबाईंनी काय करावं? मला दुधानं धुतलं, हळदकुंकू वाहिलं आणि सुनेच्या अपराधाबद्दल माझी माफी मागितली. मला असा संताप आला! अहो, माफी मागायचीच होती तर जयश्रीची मागा की. तिची अजूनही कुणी मागितलेली नाही.

म्हणून मीच सांगतो, मित्रांनो. भाजीत हळद घाला, मसाला ताजा वाटा, माझी काही ना नाही. पण घरात कुणी आठवडेच्या आठवडे खोकत असेल आणि दवाखान्याला नाही म्हणत असेल, तर बेलाशक माझ्यावर येऊन बसा. मी दगड आहे. मला काही होत नाही.