सत्तर लिटर

"सिस्टर, टॉर्च जरा डावीकडे. माझ्या डोळ्यांत नको, कॉइलवर मारा."

बंबकाका स्टुलावर उभे होते. गीझरचं खालचं झाकण त्यांच्या काखेत होतं आणि दोन स्क्रू दातांत धरलेले असूनही त्यांची बडबड थांबली नव्हती. टॉर्च धरणारी बाई मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि आठवड्याची एकुलती एक सुट्टी गीझरच्या पायी चालली म्हणून वैतागली होती. बंबकाकांचं खरं नाव फक्त पावतीवर छापलेलं असायचं. वसाहतीतल्या पोरांनी कधीतरी बंबकाका म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एकतीस वर्षं लोकांचं पाणी तापवून देणाऱ्या माणसाला आणखी काय म्हणणार!

"हे बघा, बोटभर क्षार चढलेत. तुमची कॉइल दगड तापवतेय, पाणी नाही."

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. आणि पंधरा लिटर तुम्हाला कमीच पडतोय, खरं सांगू? मोठा घ्या. माझ्या घरी सत्तरचा आहे."

"सत्तर?" नर्सला हसू आलं. "माणसं किती घरात?"

"दोघंच. पण आमची ही बसते ना आत! सकाळी दोन तास, कधी कधी संध्याकाळी पुन्हा. आधी पंधरा होता, मग पंचवीस केला, तोही पुरेना. शेवटी सत्तरचा बसवला आणि थर्मोस्टॅट पंच्याहत्तरवर नेऊन ठेवला. म्हटलं, बस बाई, गीझरवाल्याची बायको ना तू! कर हौस."

टॉर्चचा उजेड कॉइलवरून भिंतीवर गेला. "दोन तास कशासाठी बसतात?"

"पोटाला बरं वाटतं तिला. उलट्या होतात. पाठीवर कढत पाणी घेतलं की बटण बंद केल्यासारख्या थांबतात."

"आणि बाहेर आल्या की परत?"

"तासाभरात." बंबकाकांनी स्क्रू तोंडातून काढले. हिला कसं कळलं?

"काका, खाली उतरा जरा. एक विचारते, राग मानू नका. त्या गांजा ओढतात का?"

गांजा! तो शब्द असा उघडा ऐकून बंबकाकांना कसंतरीच झालं. घरात त्याला दोघंही 'औषध' म्हणत.

त्याचं असं होतं. काकूंनी बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात मान खाली घालून कॉलर शिवल्या होत्या. त्या मानेतली शीर दबली आणि डावा हात खांद्यापासून करंगळीपर्यंत जळायला लागला. गोळ्यांनी पोटाची वाट लावली. ऑपरेशन करून गुण येईलच असं कोणी छातीठोकपणे सांगेना. त्याच सुमाराला कायदा बदलला आणि गांजा दुकानात विकायला मोकळीक मिळाली. बंबकाकांच्या जोडीला काम करणारा एक इलेक्ट्रिशियन पूर्वी हत्यारांच्या पिशवीत एक पुडी सापडली म्हणून आठ महिने आत जाऊन आला होता. बाहेर आल्यावर त्याला कोणी घराच्या दारात उभं करत नव्हतं. आणि आता त्याच रस्त्यावर काचेचं दुकान उघडलं होतं, आत झक्क उजेड, ॲप्रन घातलेली हसरी मुलगी. वयाचा दाखला बघायची आणि पावतीसकट पाकीट हातात द्यायची. काकूंनी पहिल्यांदा ओढलं तेव्हा खोकून खोकून जीव गेला, मग त्या हसल्या आणि मग सलग सहा तास झोपल्या. कितीतरी वर्षांनी! बंबकाका शेजारी बसून त्यांचा ढिला पडलेला डावा हात बघत राहिले आणि कायदा करणाऱ्यांचं मनोमन भलं चिंतलं.

आधी फक्त झोपताना. मग दुपारी एकदा. मग सकाळच्या चहाबरोबरही. दर शुक्रवारी कामावरून येताना पाकीट आणायचं काम बंबकाकांचं होतं, आणि सहा वर्षांत त्यांचा एक शुक्रवार चुकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी उलट्या सुरू झाल्या. चार वेळा सलाईन झालं, पोटात नळी घालून झाली, सोनोग्राफी झाली. काही सापडेना. एका डॉक्टरने तर तोंडावर सांगितलं, मनाचे खेळ आहेत. काकूंनी ते इतकं मनाला लावून घेतलं की चार दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. प्रत्येक वेळी इस्पितळाच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, 'व्यसन'. त्यात बंबकाका स्वतःच्या हाताने 'नाही' लिहायचे. आपण खोटं लिहितोय असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. व्यसन म्हणजे जे चोरून करतात ते. हे तर पावतीवर मिळत होतं.

"पण सिस्टर, उलटीवर तर ते चांगलं असतं म्हणतात," बंबकाका म्हणाले. "दुकानातल्या मुलीनेच सांगितलं. जास्त त्रास झाला की एक जास्त घ्या म्हणाली."

"थोडं असतं तेव्हा चांगलंच असतं. पण रोज, वर्षानुवर्षं घेतलं की काही लोकांत सगळं उलटं फिरतं. का, ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही. कढत पाण्याने बरं वाटणं ही त्याची खूण. आमच्याकडे गेल्या महिन्यात तिघी आल्या. पोरीबाळी नाहीत हो, तुमच्या-माझ्या वयाच्या. कायदा बदलल्यापासून ज्येष्ठ मंडळीच वाढलीत."

"सरकारने परवानगी दिलीय ना पण?"

"गुन्हा नाही, एवढंच सरकार म्हणतं, काका. पोटाचं काय होईल ते सरकार कशाला सांगेल?" नर्सने टॉर्च बंद केली. "मी डॉक्टर नाही. आधी डॉक्टरला दाखवा, सगळं खरं सांगा. पण तेच निघालं, तर ते सोडणं हा एकच उपाय आहे. पूर्ण सोडणं. अंगातलं पाणी असंच जात राहिलं तर मूत्रपिंडं जातात. गेल्या वर्षी अशीच एक बाई आमच्या वॉर्डात गेली. आणि पंच्याहत्तर? त्यांची पाठ बघितलीत का कधी?"

पाठ त्यांनी बघितली होती. कातडीवर जाळीसारखे लालकाळे डाग पडले होते. उष्णतेचं असेल, म्हणून दोघांनी सोडून दिलं होतं.

बंबकाकांनी उरलेलं काम कसंबसं उरकलं. वॉशर उलटा बसला, तो काढून पुन्हा बसवावा लागला. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी आधी चष्मा लावला आणि कपाटातलं पाकीट खिडकीशी नेऊन वाचलं. गीझरच्या प्लेटवरचे वॅट, दाब, साल वाचल्याशिवाय वायरला हात न लावणारा माणूस. आणि सहा वर्षं स्वतः आणलेलं हे पाकीट त्याने एकदाही वाचलं नव्हतं. मागच्या बाजूला, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. दीर्घकाळ व अतिवापरामुळे वारंवार उलट्यांचा त्रास संभवतो.

"अहो, काय वाचताय एवढं?" काकू आतून आल्या. दोन वर्षांत त्यांचं वजन इतकं उतरलं होतं की हातातलं घड्याळ कोपरापर्यंत जायचं.

बंबकाकांनी सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुढचं बोलवलं नसतं.

काकू खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मनाचं नव्हतं."

"नव्हतं."

"बघा! मी सांगत होते की नाही? वेडी ठरवली मला त्या मेल्याने." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच त्यांनी ते पुसलं आणि हात पुढे केला. "आणा ते पाकीट."

"अगं, आत्ता एवढं सांगितलं ना मी?"

"ऐकलं मी. पण हात माझा जळतो, तुमचा नाही. काहीही सोडायला सांगा. मीठ सोडते, साखर सोडते, खाणंच सोडते हवं तर. तसंही पोटात काय राहतंय! पण ही झोप नका मागू माझ्याकडे."

"मरशील अशाने!"

"मग झोपेत मरेन."

बंबकाकांनी पाकीट दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठायच्या आत त्यांनी एक गोष्ट केली. जी फक्त त्यांनाच करता येण्यासारखी होती. गीझरचं झाकण उघडून थर्मोस्टॅट पंच्याहत्तरवरून चाळीसवर आणला आणि टाकीतलं कढत पाणी नळावाटे सोडून दिलं. त्यांचा हिशेब सरळ होता. गरम पाणी मिळालं नाही तर त्रास सोसवणार नाही, आणि सोसवला नाही तर ती ऐकेल. यंत्राच्या बाबतीत हे बरोबर होतं.

सातला काकू तोंडावर हात धरून आत गेल्या. नळाचा आवाज आला, ओकारीचा आला, पुन्हा नळाचा. मग दार धाडकन उघडलं. काकू ओलेत्या, टॉवेल कसाबसा गुंडाळून दारात उभ्या होत्या आणि थंडीने त्यांचे दात वाजत होते.

"तुम्ही केलंत?"

बंबकाकांनी मान हलवली.

"पाणी तुमच्या हातात आहे म्हणून? सगळं जग मला वेडी म्हणत होतं तेव्हा एक ते पाणी होतं हो मला. ते तुम्ही दिलं होतंत. आणि आज तुम्हीच..." त्या तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या आणि रिकाम्या पोटाने ओकत राहिल्या. नुसतं हिरवं पाणी पडत होतं.

बंबकाकांना स्वतःची शरम वाटली. अशी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी काकूंच्या अंगावर रजई टाकली, स्टूल ओढलं, वर चढले आणि थर्मोस्टॅट वर सरकवला. स्वयंपाकघरात दोन मोठी पातेली उकळत ठेवली. ते पाणी बादलीत ओतून त्यात गार पाण्याचं विसण घातलं, बादली आत नेऊन ठेवली, काकूंना धरून आत बसवलं आणि पाठीवर तांब्याने पाणी घालायला लागले.

"पन्नासवर केलाय," ते म्हणाले. "त्याच्या वर नाही देणार. पाठ भाजलीय तुझी. पण तेवढं तोडणार नाही कधी. तुला ते सोडायचं असो, नसो. चुकलो मी."

तांब्यामागून तांबे पडत होते. ओकारी हळूहळू थांबली.

"सहा वर्षं मीच आणून दिलं," बंबकाका म्हणाले. "ज्या हाताने आणलं त्याच हाताने 'व्यसन नाही' असं लिहिलं. मी ओढतच नव्हतो, म्हणून मला कसलीच शंका आली नाही. तू गेलीस तर मी काय करू, सांग ना!"

काकू गुडघ्यांवर डोकं टेकून बसल्या होत्या. पाण्याच्या आवाजात त्यांचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून बंबकाकांनी तांब्या खाली ठेवला.

"हात परत सुरू होईल," काकू म्हणाल्या.

नाही होणार असं त्यांना म्हणावंसं वाटलं. पण मघाशी एकदा फसवलं होतं, तेवढं पुरे होतं. "होईल," ते म्हणाले.

"तुम्हाला उठवीन मग मी. एकटी नाही जागणार."

"उठव."

"पाकीट टाकून द्या. माझ्यादेखत नको. मी आत आहे तोवर टाका."

इस्पितळाच्या फॉर्मवर त्या खेपेला बंबकाकांनी 'रोज, सहा वर्षं' असं लिहिलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "हे आधी कोणी विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "आम्हीच नाही म्हणालो."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. घाम, चिडचिड, हातापायांची थरथर, दोनदा पुन्हा सलाईन. काकूंनी बंबकाकांना काय काय बोलून घेतलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. हात सुरू झाला, आणि जुनी बाकी वसूल करावी तसा सुरू झाला. बंबकाका उठायचे, शेक द्यायचे, दुसऱ्या दिवशी लोकांच्या स्टुलांवर चढून डुलक्या द्यायचे. डॉक्टरने नसांवरची दुसरी गोळी सुरू केली, तिने दहा आण्यांचा गुण आला. उरलेल्या सहा आण्यांवर काही इलाज नव्हता. काकूंनी डावा हात बहुतेक कामांतून काढूनच टाकला. वेणी घालता येईना म्हणून केस खांद्यापर्यंत कापून आल्या आणि आरशात बघून म्हणाल्या, "चला, तेवढाच तेलाचा खर्च वाचला."

पण उलट्या थांबल्या. तीन महिने झाले तरी एकही नाही.

अशाच एका सकाळी काकू आंघोळीला गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या. बंबकाका दाढी करत होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"बघताय काय? पाणी आहे अजून ढीगभर. जा तुम्ही."

बंबकाका आत गेले. नळ सोडला आणि खांद्यावर पाणी पडताच ते दचकून मागे सरले. पाणी गरम होतं. गेली दोन वर्षं, दोन्ही हिवाळे, या घरात त्यांच्या वाट्याला टाकीतलं गार पाणीच उरायचं. तक्रार करण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ते नळाखाली उभे राहिले. मान, पाठ, दुखणारे गुडघे, सगळ्यांवरून पाणी वाहत होतं. मग त्यांना रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी नळ आणखी मोठा केला.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"अहो, झालं का? का तुम्हालाही लागलं ते?"

बाहेर काकू थांबल्या होत्या. पावलं परत गेल्याचा आवाज आला नाही.

"बसा," काकू म्हणाल्या. "सावकाश बसा. घाई नाही."