अ. ब. क. यांस उत्तर

मंगळवारी सकाळी दुधासाठी दार उघडलं तर पायऱ्यांवर सव्वीस अ. ब. क. बसलेले होते. सगळे दहा वर्षांचे, गणवेशात, डोक्याला चपचपीत तेल. दुधाची पिशवी त्यांतल्या एकीनं मांडीवर सांभाळून धरली होती.

मला आधी रागच आला. अजून माझे दातसुद्धा लावून झाले नव्हते.

"कोण रे तुम्ही?"

"अ. ब. क.," सगळे एकदम म्हणाले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न असतो, पाच मार्कांचा. पत्राखाली स्वतःचं नाव लिहायचं नाही, पत्ताही खरा द्यायचा नाही, नाहीतर पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळतं. म्हणून पोरं नावाच्या जागी अ. ब. क. लिहून मोकळी होतात. माझा 'टाकीवरची टिल्ली' हा धडा चौथीच्या पुस्तकात लागला आणि 'आवडत्या लेखिकेस पत्र लिहा' हा प्रश्न दरसाल पडू लागला. काही हौशी गुरुजी पेपर तपासून झाले की ती पानं फाडून, गठ्ठा बांधून मला पाठवायचे, लाल शाईतल्या मार्कांसकट. मला भारी गंमत वाटायची. पण उत्तर कुणाला पाठवणार? मी पानं ट्रंकेत टाकत गेले. ज्यांनी खऱ्या नावानं लिहिलं त्यांना मात्र मी एकूण एक उत्तरं धाडली. त्याबद्दल माझा सत्कारही झाला आहे. शाल कपाटात आहे.

"बरं, आत या. चपला बाहेर."

माझा हॉल सोळा फरश्या लांबीचा. मुलं एका ओळीत मांडी घालून बसत गेली आणि दर मुलामागे हॉल एक फरशी वाढत गेला. सगळे बसून झाल्यावर मी मोजल्या, बेचाळीस भरल्या. समोरच्या भिंतीजवळचं बक्षिसांचं कपाट इतकं लांब गेलं की कुठलं बक्षीस कुठलं ते कळेना. झाडून काढताना माझी कंबर मोडणार, एवढंच तेव्हा मनात आलं.

"तुम्ही मोठे नाही झालात?" पहिल्या मुलाला मी विचारलं. पानं आली त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली होती.

"झालोय की. सांगलीला माझं टायरचं दुकान आहे," तो म्हणाला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. "भागाकारात बाकी उरते ना, तसा मी उरलोय."

"मग आता काय हवंय?"

"उत्तर. तुम्ही सगळ्यांना पाठवता म्हणे."

मी मृदुलाला फोन केला. मृदुला माझी मुलगी, नाशिकला असते, पंचेचाळीस वर्षांची आहे. रविवारी पाच मिनिटं बोलायचं असा आमचा रिवाज. मंगळवारी फोन केला म्हणून ती दचकली.

"आई? बरी आहेस ना?"

"अगं, माझ्याकडे सव्वीस मुलं येऊन बसली आहेत."

"हं. तुझ्याकडे मुलं असतातच."

"जेवायला काय घालू?"

"खिचडी टाक. मी कामात आहे, ठेवते."

मी खिचडी टाकली. सव्वीस जण जेवले, भांडं निम्म्याच्या खाली गेलं नाही. मग टेबल ओढलं, ट्रंक उघडली आणि पेनात शाई भरली.

पत्रं तशी सारखीच होती. आदरणीय शरयूताई, सा. न. वि. वि., आपला धडा खूप आवडला. आणि मग प्रश्न, तोही जवळजवळ प्रत्येकाचा एकच. टिल्लीची आई एस.टी.नं गावाला जाते. गाडी कुठवर दिसते ते बघायला टिल्ली गावच्या पाण्याच्या टाकीवर चढते. वर पोचते, कठड्याला धरते, लांब गेलेल्या गाडीची धूळ बघते. तिथं धडा संपतो. ताई, ती खाली कशी उतरली?

हा प्रश्न मला नवा नव्हता. शाळाशाळांतून, संमेलनांतून मी त्याला एकच उत्तर देत आले होते, की शेवट होता, फार सुंदर होता, पण पुस्तकवाल्यांनी पान वाचवायला कापला. लोक चुकचुकायचे. माझ्या नावाला त्या कापलेल्या शेवटानं जेवढी किंमत आली तेवढी बाकीच्या बावीस पुस्तकांनी आली नसेल.

टायरवाल्या मुलाला मी छान उत्तर लिहिलं. टाकीवरच्या पारव्यांनी टिल्लीला धीर दिला आणि एकेक पायरी मोजत खाली आणलं. त्यानं बोट ठेवून वाचलं आणि कागद परत दिला.

"हे आत्ता सुचलेलं आहे."

"मग? गोष्टी सुचतातच."

"तेव्हाचं सांगा."

तो पुन्हा मांडी घालून बसला. मी दुसरं लिहिलं, त्यात अग्निशामक दलाचा मिशीवाला जवान होता. तेही परत आलं. तिसरंही आलं. ओळीतला एक जण पेंगायला लागला होता. माझा हात दुखायला लागला आणि मी चिडले. बाई गं, एवढं वय झालं, अजून या पोरांची मनधरणी करत बसायची? चिडून मी खरं लिहिलं.

'चि. अ. ब. क. यास, अनेक आशीर्वाद. टिल्ली खाली कशी उतरली ते मला माहीत नाही. मी शेवट लिहिलाच नव्हता. कुणी काही कापलेलं नाही. मी खोटं सांगत आले.'

त्यानं वाचलं. "असं होय," म्हणाला आणि उठला. दारापर्यंत जाईतो त्याला मिशी आली, पोट सुटलं, कानावर पांढरे केस दिसू लागले. चपला पायात जाईनात तेव्हा त्यानं त्या हातात घेतल्या.

"मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्याच पुस्तकातलं पान फाटलंय," तो म्हणाला. "घरी मारही खाल्ला होता मी, पुस्तक नीट ठेवत नाही म्हणून. बरं, येतो ताई."

त्याला थांबवून चहा तरी द्यावा असं वाटलं, पण तो रस्त्याला लागलाही होता. मी वळले तर हॉल दीड फरशी कमी झालेला. येताना एक वाढली होती, जाताना दीड गेली. तक्रार कुणाकडे करणार?

मग मी भराभर लिहीत सुटले, प्रत्येकाला तेच खरं. ते वाचायचे, उठायचे, दारात मोठे व्हायचे. एक नर्स झाली. एक जण दाढी कुरवाळत हसत गेला. करड्या केसांची एक बाई उंबऱ्यात थबकली आणि म्हणाली, "मला वाटायचं, शेवट सगळ्यांना कळलाय आणि मीच ढ." मी तिला म्हटलं, "नाही गं बाळे, ढ मीच." ती इतकं मोकळं हसली की मलाही हसू फुटलं. सत्काराच्या वेळी मला असं कधी बरं वाटलं नव्हतं.

चार वाजेपर्यंत पंचवीस जण गेले. हॉल साडेचार फरश्यांचा उरला. त्यात टेबल, दोन खुर्च्या आणि मी. बक्षिसांचं कपाट माझ्या पाठीला टेकलं होतं, हात हलवला की आतल्या ट्रॉफ्या वाजत.

समोरच्या खुर्चीवर ती दुधाची पिशवी धरलेली मुलगी होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. मी तिच्याकडे उत्तर सरकवलं. तिनं वाचलं आणि परत दिलं.

"हे माझ्या पत्राचं उत्तर नाही."

ट्रंकेत एकच पान राहिलं होतं. पाचपैकी चार मार्क. मी सवयीनं मधूनच वाचायला लागले, कारण वरचा पत्ता मी कधी वाचतच नसे. सगळ्यांचे खोटेच असायचे, आदर्श विद्यालय नाहीतर गांधी चौक. या पानावर पत्त्याला लाल गोल केलेला होता. शेजारी गुरुजींनी लिहिलं होतं, 'खरा पत्ता लिहू नये', आणि एक मार्क कापला होता.

अ. ब. क., घर नं. ७, टाकी कॉलनी, तासगाव.

हे माझं घर. माझे यजमान पाणीपुरवठ्यात होते, तेव्हापासून मी इथंच राहते. खिडकीतून ती टाकी आजही दिसते.

'आदरणीय शरयूताई, सा. न. वि. वि. आपला धडा आम्हांला आहे. सर्व मुलांना शेवट माहीत नाही. मला माहीत आहे. तो मला आपणांस सांगायचा आहे. परंतु आपण कार्यक्रमांत असता. आपण कधी मोकळ्या असता, ते कृपया कळवावे. मी त्या वेळेस येईन. आपली नम्र, अ. ब. क.'

मी पान खाली ठेवलं. मुलीकडे बघितलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, डाव्या भुवईत खोक. ओळखायला हवं होतं मी. पण मुलांकडे मी जन्मभर स्टेजवरून बघत आले, आणि स्टेजवरून सगळ्यांनाच दोन वेण्या दिसतात.

तेव्हाचं सांगा, असं तो मुलगा म्हणाला होता. तेव्हाचं असं आहे. मी तीन दिवस बार्शीला कथाकथनाला गेले होते. परत आले तर शेजारच्या गुरवकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "तुमची मृदू टाकीवर चढली होती हो, तुमची गाडी बघायला. सगळी कॉलनी जमली. उतरली बाई एकदाची." मी आत आले. मृदुला पाटीवर पाढे लिहीत होती. मी तिला काही विचारलं नाही. मी वही घेतली आणि बसल्या बैठकीला टिल्ली लिहून काढली. शेवटाशी अडले. विचारायचं राहिलं, मग विचारायची लाज वाटू लागली आणि मग तो धडा झाला.

मी मोबाइल उचलून मृदुलाला लावला. घंटी समोरच्या दप्तरात वाजली. मुलीनं दूध टेबलावर ठेवलं, दप्तर उघडलं, फोन कानाला लावला.

"बोल आई," ती म्हणाली. आवाज पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा होता, थोडा दमलेला. तो माझ्या एका कानात फोनमधून आला आणि दुसऱ्या कानात टेबलापलीकडून.

"मृदू, तू कुठे आहेस?"

"मीटिंगमध्ये. काय झालं? मुलं गेली?"

"एक आहे अजून."

मुलगी माझ्याकडे बघत पाय हलवत होती.

"तिलाही दे ना उत्तर," मृदुला म्हणाली, आणि मुलीनं फोन दप्तरात ठेवून दिला.

मी पेन उचललं आणि तसंच धरून बसले. खरं सांगते, मला ती हवी होती. उत्तर दिलं की उठणार, उंबऱ्यात पंचेचाळीस वर्षांची होणार, 'येते' म्हणणार आणि रविवारची पाच मिनिटं होणार. नाही दिलं तर इथंच राहील. मी तिच्या वेण्या घालीन, दूध तापवीन, सायीला साखर लावून देईन. सगळ्या महाराष्ट्राच्या पोरांना गोष्टी सांगितल्या, हिला एकदा भरवायलाही मिळालं नाही धड.

"लिहिताय ना, ताई?" मुलगी म्हणाली.

"ताई काय म्हणतेस गं?"

"पत्रात तसंच लिहायचं असतं."

पाठीमागून कपाट आणखी टेकलं. टेबलाची कड माझ्या पोटात रुतली. तिच्याही रुतली असणार, पण तिनं तक्रार केली नाही, नुसती दुधाची पिशवी उचलून पुन्हा मांडीवर घेतली. ती तशीच बसून राहिली असती. तिला सवय होती.

मी मायना लिहिला. चि. मृदुला हिस. पस्तीस वर्षांत तिला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. खाली लिहिलं, 'तेव्हा मी मोकळी नव्हते. असायला हवी होते. आत्ता आहे. शेवट सांग.'

कागद फिरवून तिच्यापुढे धरला. तिनं बोट ठेवून वाचलं, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग खुर्चीत पुढं सरकली आणि माझ्या मनगटाला धरलं. कठड्याला धरतात तसं, घट्ट.

"आई," ती म्हणाली, "मी वरनं खाली बघितलं ना, तर आधी मला..."

टेबलाखाली तिचे पाय जमिनीला टेकले.