दोन्ही पायांवर

बसा राव, चहा सांगितलाय. तो येईस्तोवर आमच्या कोंडाजीची गोष्ट सांगतो.

भोसरीत पत्र्याच्या प्रेसवर बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस. कंबरेतून उजव्या पायात अशी कळ जायची की घास तोंडातच राहायचा. आडवं झालं की कळ गायब. आणि एमआरआय काढतात आडवं झोपवूनच. रिपोर्ट आला, सगळं जागेवर. सुपरवायझर म्हणाला, नाटकं बंद करा. डब्याला सोबत बसणारेही हसायला लागले. बायकोनं, शालनबाईनं, रिपोर्ट दोनदा वाचला, तेच त्याला जास्त लागलं.

मग कळलं, उभ्यानं एमआरआय काढायचं मशीन आलंय. अंगाचा भार मणक्यावर असतानाच फोटो निघतो. कंपनीतल्या साहेबानं सांगून टाकलं, यात काही निघालं तर बसून करायचं काम बघू. नाहीतर मुकाट प्रेसवर.

कोंडाजी मशीनच्या दोन भिंतींमधल्या फटीत उभा राहिला. छातीशी आडवा दांडा, समोर टीव्हीवर कसलीशी मालिका. हलायचं नाही. पहिल्या फोटोतही सगळं जागेवर. तो बघून मशीनवाली जयमाला आत आली.

"काका, सगळा भार डाव्या पायावर टाकलाय तुम्ही."

"मी असाच हुबा ऱ्हातो, ताई. सात वर्सं झाली."

साहेब फेरीवर आला की दुखणं दिसू नये म्हणून लावून घेतलेली सवय ती. तीच आता त्याला खोटं पाडत होती.

"इथं कुणापासून लपवताय? दोन्ही पाय सारखे टेका. बारा मिनिटं."

टेकले. मालिकेतली बाई हसत होती, आणि याच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरनं गळत होतं. पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

रिपोर्टात दिसलं, मणका सरकून नस दाबलेली. शालनबाईनं तो देवापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कोंडाजी कंपनीत गेला. साहेबानं खुर्ची दिली, पाणी दिलं, पहिल्यांदा राव लावून हाक मारली.

"कोंडाजीराव, तुम्ही खरंच बोलत होता."

बसायची कामं सगळी भरलेली होती. अनफिट म्हणून त्याचं आयकार्ड काढून घेतलं.

तरी शिफ्ट सुटायच्या वेळेला तो इथं, कंपनीच्या गेटाबाहेर, चहाला येतो. तो बघा, कोपऱ्यावर पोचला. आता उघड लंगडतो. तुम्ही उठू नका, उठून दिलेली जागा तो घेत नाही. बाकावर तेवढं जरा तिकडं सरका.