हौसाच्या पिंपातला तांदूळ

रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि रविवारी प्रार्थनेला आणायचा, ही वडखळजवळच्या त्या मंडळीची रीत. मंडळी म्हणजे मिठागरात राबणारी सात-आठ ख्रिस्ती घरं. त्यांच्या मुठींनी हौसाच्या ओटीवरचं निळं पिंप काठोकाठ भरलं होतं.

एका रविवारी हौसा प्रार्थनेत उठली. "बांध फुटनार. खाडी घरात शिरनार. तांदूळ राखून ठेवा, असा शब्द मला मिळाला."

पास्टर कमळाकर रोह्याचा. आठवडाभर धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचा, रविवारी इथे देवाचा शब्द सांगायचा. त्याच्या शब्दात कुणाला नोकरी असायची, कुणाला मुलगा. फुटका बांध कधीच नसायचा. शिवाय तांदूळ विकून स्पीकर घ्यायचं त्याच्या मनात होतं.

"मावशी, भविष्यवाणी आशीर्वादाची असते."

"मग बायबलातला तो अगब संदेष्टा? दुष्काळ येनार म्हनाला, तुमीच वाचलंत. तवा अंत्युखियाच्या मंडळीनं यहूदीयाला मदत धाडली, का स्पीकर घेतला?"

म्हातारा जगन फसकन हसला. स्पीकर घ्यायचा राहिला.

सगळ्यांनी सामान माळ्यावर चढवलं. अमावस्येचं उधाण आलं आणि यांचा बांध जागचा हलला नाही. फुटून खांड गेली ती खाडीपलीकडच्या गावाच्या बांधाला. तिकडे खारं पाणी चुलीत शिरलं, कापणीला आलेलं भात कुजलं.

पलीकडे हौसाची सख्खी बहीण राहायची, रंभा. हौसा प्रार्थनेला जायला लागली तेव्हा याच रंभाने तिला भर हळदीच्या मांडवातून उठवलं होतं. "बाटलेली बसली तर नवरीला हळद लागनार नाय," म्हणाली होती. त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

"बघ, तुझा शब्द चुकला," कमळाकर म्हणाला. "तुझा बांध शाबूत आहे."

"चुकला कुठं? बरोब्बर त्यांचीच घरं बुडवली देवानं," जगन म्हणाला. "लय सतवलं त्यांनी आपल्याला."

हौसाला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला लिहायचं? मांडव तिला अजून दिसत होता. मग तिने पिंपाचं झाकण घट्ट लावलं.

"कुनाचा बांध ते मला कुठं सांगितलं होतं? आपलाच, असं आपन धरून चाललो. ज्याच्याकडं कोरडा तांदूळ हाय त्यालाच देव सांगनार ना! बुडनाऱ्याला सांगून काय उपेग?"

"ते तुला पंगतीला घेत नाहीत, मावशी."

"यहूदीयावाले तरी अंत्युखियावाल्यांना पंगतीला घेत होते काय? जगनदादा, होडी सोड."

पलीकडे रंभा शाळेच्या ओट्यावर ओली गोधडी पिळत बसली होती. पिंप बघून तिचे हात थांबले.

"तुझ्या देवाचा हाय काय गो?"

"तांदूळ हाय. शिजवून खातात."

"वर प्रार्थना म्हनायला लावशील."

"नाय. पातेलं आन, माझी कंबर मोडली."

रंभाने गोधडी परत पिळायला घेतली. मागे एक पोर भुकेने किरकिरत होतं. जगनने होडीतून खाकरून दाखवलं.

मग ती उठली. येताना दोन पातेली घेऊन आली. एक तिचं, एक शेजारणीचं.