वस्ताद गप्प बसले तो रविवार

"अहो, आज जावयांना एक अक्षर बोलायचं नाही. नातीची शपथ आहे तुम्हाला," बायकोने सकाळीच बजावलं.

तिनेही उगाच नव्हती घातली शपथ. वस्तादांनी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, मग गॅरेज विकून घरी बसले, पण जीभ काही निवृत्त झाली नाही. गेल्या वर्षी जावयाची गाडी पंक्चर झाली, तेव्हा त्याच्या कॉलेजातल्या चार लोकांसमोर हे म्हणाले, "जावईबापू, पाना धरता येत नाही तर गाडी कशाला घेतलीत? सायकल घ्यायची होती." लोक खो खो हसले. जावई हसला नाही. त्यानंतर सात महिने लेक माहेरी फिरकली नाही. नात फोनवर दिसायची तेवढीच, आणि दर वेळी तिचा एखादा दात कमी झालेला असायचा. आज तिघं आली होती. पुन्हा तोंड सुटलं तर लेक कायमची तुटेल, हे वस्तादांना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

आणि जावई आला तो डिकीत नवा सायलेन्सर घालूनच! भूगोल शिकवणारा माणूस हो. जुना सडला म्हणून याने कुठल्याशा बाहेरच्या कंपनीचा, इंजिनापासून शेवटपर्यंतचा अख्खा पाइप सुट्या तुकड्यांत मागवला होता.

"तुमच्याकडे अंगण मोकळं आहे ना बाबा, म्हटलं इथेच बसवू," तो म्हणाला.

वस्तादांनी मान डोलावली आणि पायरीजवळ खुर्ची टाकली.

गाडी ठोकळ्यांवर नीट चढवली होती, तेवढं तरी देवाने त्याला सुचवलं. गंजलेले नट सोडवता सोडवता त्याच्या नाकी नऊ आले, पण जुना पाइप निघाला. मग त्याने नव्या पाइपाचा पुढचा जोड लावला आणि सगळी ताकद लावून आवळला. वस्तादांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. अरे, आधी सगळा पाइप ढिला टांग! जोड नुसते अडकव, सरळ रेषेत आण, मग पुढून एकेक आवळत ये! हे सगळं मनात. तोंडातून फक्त "हं" निघालं.

नट आवळून झाला की जावई गाडीखालून डोकं काढून खुर्चीकडे बघायचा. बघा, जमलं की नाही, असं म्हणत असणार, वस्तादांना वाटलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नजर कुंपणाकडे वळवली.

दुसरा जोड, मागच्या सीटच्या खालचा, तोही त्याने करकचून आवळला. आता शेवटचं टोक अडकवायच्या जागेपासून चार बोटं लांब! जावयाने ओढलं, ढकललं, कपाळ पुसलं.

"बाबा, पाइप चुकीचा पाठवलाय का?"

वस्तादांनी खांदे उडवले. जावयाने शेवटी पहार घालून टोक खेचलं आणि रबरी पट्ट्यात अडकवलं. गाडी चालू केली तर मधून फट फट फट! मधला, सीटखालचा जोड उघडला होता, हे वस्तादांना बसल्या जागी कळलं.

तेवढ्यात नात आली. "आजोबा, माझी बांगडी बघा!"

तिच्या मनगटात काळी जाड कडी होती, आणि मनगटही काळं झालं होतं. "कुठे मिळाली गं?"

"त्या खोक्यात. बाबा म्हणाले, जास्तीची आहे, घे."

जास्तीची! जोडातून धूर बाहेर पडू नये म्हणून असते ती कडी. वस्ताद तडक स्वयंपाकघरात गेले. "अगं, सोडव मला शपथेतून."

"मुळीच नाही. आवाज येतो तर येऊ दे, उद्या त्यांच्याकडचा गॅरेजवाला बघेल. लेक सात महिन्यांनी हसतेय, दिसत नाही तुम्हाला?"

दिसत होतं. म्हणून तर जेवताना ते मान खाली घालून बसले.

दुपारी मंडळी निघाली. दोन तासांचा रस्ता. लेक पुढे बसली, नात मागे. काचा वर झाल्या, गाडी फटफटू लागली, आणि मागची काच पुन्हा खाली आली.

"आजोबा, गाडीत कसला तरी वास येतोय."

वस्ताद या वयात कसे धावले देव जाणे. बॉनेटवर दोन्ही हात टेकून ते ओरडले, "बंद करा! उतरा सगळे, आधी पोरीला काढा!"

लेकीचा चेहरा पडला. "बाबा, झालं तुमचं सुरू?"

"हो, झालं! मोडली शपथ! मधला जोड उघडा आहे, धूर आत येतोय, पोरीच्या सीटखालून. रस्त्यात झोपली असती तर उठली नसती ती!"

लेकीने नातीला उचलून पोटाशी धरलं. बायको दारात तोंडावर हात ठेवून उभी राहिली. जावई उतरला. आता हा काय ऐकवतो, म्हणून वस्ताद वाट बघत राहिले.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तुम्ही दुसरा जोड आवळलात तेव्हा."

"सकाळी?" जावई पुढे आला. "सकाळपासून माहीत होतं?"

"बोलायचं नाही, असं ठरलं होतं."

"अहो, प्रत्येक नटाला मी तुमच्याकडे बघत होतो! तुम्ही कुणाची चूक सोडत नाही. म्हटलं, गप्प आहेत म्हणजे बरोबर चाललंय. आमच्या गल्लीत काय गॅरेज नाही? दोन तास गाडी हाकत हे धूड इथे कशाला आणलं मी?"

वस्तादांनी नातीपुढे हात पसरला. "ती बांगडी दे गं आजोबाला." तिने कुरकुरत काढून दिली.

"गाडी पुन्हा ठोकळ्यांवर घ्या," ते जावयाला म्हणाले. "पाइप निवला की सगळे नट ढिले करायचे. मी सांगतो."

"सांगा. ओरडलात तरी चालेल, बाबा. फक्त चार लोकांसमोर नको."

तासाभराने जावई गाडीखाली शिरला. गुडघे कुरकुरत होते, तरी वस्तादही त्याच्या शेजारी जमिनीवर आडवे झाले. पाना जावयाच्या हातात होता, कडी वस्तादांच्या. "आधी पुढचा नट ढिला करा, जावईबापू," वस्ताद म्हणाले, आणि तेही इतक्या हळू की कुंपणापलीकडे ऐकू गेलं नसतं.