मी मैरवी, एका धपाट्यातून आलेलं नाव

मित्रांनो, 'मी एक जुनं नाव आहे' अशी सुरुवात करायचं माझ्या मनात होतं. पण माझं वय अवघं पंधरा वर्षांचं. गोदावरी, रखमा, सगुणा ही नावं मला ऐकतील तर तोंडाला पदर लावून हसतील. तरी एवढ्या वर्षांत मी कौतुकही पाहिलं आणि हेटाळणीही, म्हणून सांगायला बसले आहे.

माझा जन्म काष्टी गावात एका बारशाला झाला. तुम्ही आईच्या पोटातून येता, आम्ही नावं माणसांच्या तोंडातून येतो. कल्याण आणि वृषाली यांना पहिली मुलगी झाली होती. वृषालीने नावांच्या पुस्तकातून 'आरवी' हे नाव निवडलं होतं. कल्याणची बहीण ज्योती मात्र 'मैना' या नावावर अडून बसली होती. मैनाबाई ही त्या भावंडांची आजी, वर्षभरापूर्वीच वारलेली. "आजच्या काळात मैना? पोरं पिंजरा घेऊन येतील तिच्यामागं," असं वृषाली म्हणाली, आणि शेवटी आरवीच ठरलं.

बारशाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि ती नाव सांगत असताना बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. ज्योती वाकली. कुर्रर्र झालं. तिच्या तोंडून 'मै' निघालं मात्र, पाठीत असा सणसणीत धपाटा बसला की पुढचं अक्षर घशातच राहिलं आणि ठरलेल्या आरवीतलं 'रवी' बाहेर पडलं. मैरवी! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. वृषालीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बाळाचे आजोबा गोरक्षनाथ म्हणाले, "आता काय करता? एकदा कानात गेल्यालं नाव माघारी येत न्हाई." अशी मी या जगात आले.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. मला अर्थच नव्हता! अंगणवाडीच्या यादीत मला भैरवी केलं. किराणा दुकानदार भागवतशेठ रोज विचारायचे, "काय गं, मैदा देऊ का रवा?" मी मनातून खजील व्हायचे. पण पाळण्यातली ती पोरगी मात्र मला ऐकून बोळकं पसरून हसायची. तेवढ्यावर मी दिवस काढले.

पोरगी चार वर्षांची असताना आठवडे बाजारात हरवली. शेळ्या, टेम्पो, भाजीची पालं, माणसांची ही गर्दी! वृषाली रडत रडत भोंग्यावाल्याकडे धावली आणि त्याने माझा पुकारा केला. "मैरवी! मैरवी कुठं असशील तिथून भोंग्यापाशी ये!" स्वाती किंवा पूजा म्हटलं असतं तर दहा पोरी वळल्या असत्या. मैरवी साऱ्या बाजारात एकच होती. बांगड्यांच्या दुकानापाशी उभी असलेली ती माझी चिमुरडी स्वतःच म्हणाली, "मीच हाय ती." बांगडीवाल्या आक्काबाईने तिला कडेवर घेऊन आईपाशी आणलं. वृषालीने लेकीचे मुके घेतले. त्या दिवसापासून तिने मला कधी नावं ठेवली नाहीत. मित्रांनो, त्या भोंग्याचे उपकार मी विसरणार नाही.

कारण त्या दिवशी सगळ्या बाजाराने मला ऐकलं होतं. पुढच्या वर्षी गावात दोन मैरवी जन्मल्या, त्याच्या पुढच्या वर्षी पाच. मग खर्ड्याला, देवळालीला, लेकी-सुनांबरोबर मी जाईन तिथे रुजले. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झळकले, केकवर क्रीमने लिहिली गेले. मोबाईलवर कुणीतरी माझा अर्थही देऊन टाकला, 'मैत्रीचा सूर्य'. धपाट्याला सूर्याचं तेज आलेलं पाहून मला हसू आवरेना. अंगणवाडीत तर मोठी मैरवी, बुटकी मैरवी, शेंबडी मैरवी अशा हाका सुरू झाल्या.

अति झालं आणि हसू आलं. शेजारच्या बजरंगने आपल्या जर्सी गाईचंही नाव मैरवी ठेवलं. मग नव्या बाळांना कियांशी, आद्विका अशी नावं मिळू लागली आणि मला कुणी विचारेना. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. नावांची पाळी येते आणि जाते. पण माझी पहिली पोरगी, जी आता दहावीला गेली होती, तिला वर्गातली मुलं विचारू लागली, "मैरवी, सकाळचं दूध किती दिलं?"

ती रडत घरी आली. "मला हे नाव नको. आरवी करा," म्हणाली. दहावीचा फॉर्म भरायचा होता. एकदा बोर्डात गेलेलं नाव बदलायला पुढे फार यातायात पडते, म्हणून कल्याणने गॅझेटचा अर्ज आणला. फक्त सही बाकी राहिली. इतरांनी मला सोडलं ते मी सोसलं होतं. पण हिने सोडलं, तर मी कुणाची?

नेमकी त्या दिवशी ज्योती माहेरी आली होती. तिने अर्ज पाहिला आणि भाचीला जवळ बसवलं.

"तुजी पणजी मैनाबाई. सारा जलम ऊसतोडीला गेली. पर तिला तिच्या नावानं कुनी हाकच मारली न्हाई बघ. आधी सहादूची बायको, मग गोरक्षची आई, मग नुसती म्हातारी. मी ल्हान असताना इचारलं, आजे, तुजं नाव काय गं? तर ती लाजली. मैना म्हनली, आन् म्हनली, घरात पोरगी झाली तर माजं नाव ठिवा. येकदा तरी कुनी त्या नावानं वरडंल."

पोरगी आत्याच्या आणखी जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "आत्या, म्हणजे तू मुद्दाम चुकलीस?"

"मी कशाला चुकू? धपाटाच लई जोराचा हुता," असं म्हणून ज्योतीने पाठ चोळली. दारातून वृषाली हसली, "व्हय व्हय, मला सगळं ठावं हाय."

पोरीने अर्जाची घडी घातली आणि वडिलांच्या हातात परत दिली. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे तीनच अक्षरं आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत फॉर्म भरताना सरांनी विचारलं, "मैरवीच ना? भैरवी नाही? आणि अर्थ काय गं याचा?"

मित्रांनो, तिचं उत्तर सांगण्याआधी एक ऐका. तुमच्याही आसपास कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको, नुसतीच म्हातारी असेल. तिला एकदा तिचं नाव विचारा आणि त्या नावाने हाक मारा. एवढंच माझं मागणं आहे.

माझी पोरगी ताठ उभी राहून म्हणाली, "सर, 'मै' माझ्या पणजीचा, 'रवी' माझ्या आईच्या आवडीचा. मधे एक धपाटा आहे, पण तो फॉर्मवर लिहिता येत नाही."