बू सुकिनीचं पेट्रोल

तुगियो मेकॅनिक हाताचा कुशल, पण जिभेला हाड नाही. हार्सोयो मास्तरांची गाडी वोनोसारी गावच्या चढावर आचके देत बंद पडली, तेव्हा या गृहस्थानं टाकीचं झाकण काढून नुसता वास घेतला आणि शेजारच्या खानावळीत चारचौघांसमोर निकाल दिला, "भेसळ! कुठून भरलंत?"

"बू सुकिनीकडून. रस्त्यावर बाटल्या मांडते ना, तिच्याकडून."

"मग बसा आता बोंबलत!"

सगळे हसले. त्या दिवसापासून गावाची 'बू', म्हणजे मावशी, असलेल्या सुकिनीच्या बाटल्या फळीवर भरलेल्याच राहू लागल्या.

मास्तरांनी टाकी धुऊन पंपावरचं पेट्रोल भरलं. तरी पंधरवड्यानं गाडी पुन्हा आचके देत तुगियोच्या दारात. मग त्यानं आधीच करायचं ते आता केलं. इंधनाच्या नळीवर स्वतःचं काट्याचं मीटर जोडलं. काटा योग्य दाबावर टेकला तो जागचा हलेना. स्कॅनरच्या पडद्यावर मात्र दाब माकडासारखा उड्या मारत होता. म्हणजे दाब ठीक होता, तो मोजणारा सेन्सरच खोटं सांगून इंजिनला चकवत होता. सेन्सर बदलला आणि गाडी निमूट चढ चढली.

चोर सोडून संन्याशाला फाशी! तुगियोला जेवण जाईना. तो उठून सुकिनीकडे गेला.

त्याला बघताच तिनं पदरानं खुर्ची पुसली, गोड चहा आणला.

"बरं झालं आलात, मास," दादा म्हणावं तसं ती म्हणाली. "मीच येणार होते, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"बू, ऐका तरी..."

"विनार्नोला घराबाहेर काढलं मी. पेट्रोल तोच आणायचा ना! अल्लाची शपथ घेत होता, 'आई, थेंबाची भेसळ नाही.' मी म्हटलं, तुगियो उगाच बोलायचा नाही. गेला समुद्रापार कालीमंतानला, पामच्या मळ्यावर. फोन उचलत नाही. माझ्या लेकाला माफ करा, मास."

तुगियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, कुणाला कळणार आहे? मग त्या विचाराचीच त्याला शिसारी आली.

"बू, पेट्रोल चांगलं होतं. गाडीचा एक भाग बिघडला होता. मी न तपासताच बोललो."

सुकिनीनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर तुगियोला बरं वाटलं असतं. पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"खरं बोलत होता पोरगा," ती म्हणाली. "आणि मी त्याला चोर म्हटलं."